चिंचहळ्ळीतला फोन

मल्लाप्पा बिराजदार एकाच वेळी दोन गावांत होता. माझ्या समोरच्या पडद्यावर तसं स्वच्छ दिसत होतं. त्याचा फोन जत तालुक्यातल्या चिंचहळ्ळीत, आणि त्याच्याच नावानं कोणीतरी कंपनीच्या सिस्टीममध्ये शिरलं होतं ते थेट सांगोल्यातून. मोटरसायकलवर दोन-अडीच तासांचं अंतर. लाल पट्टी सारखी लुकलुकत होती आणि माझ्या हातातला चहा निवत चालला होता.

"बोंबला आता!" मी एकटीच ओरडले.

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचा कारखाना. गावोगावच्या दूध संस्थांत दूध थंड ठेवायच्या मोठ्या स्टीलच्या टाक्या असतात ना, ज्यांना सगळे कूलर म्हणतात, त्या आम्ही बनवतो. बनवणं सोपं, चालू ठेवणं महाकठीण. त्यासाठी आमचे तीस-बत्तीस मेकॅनिक शिरोळपासून मंगळवेढ्यापर्यंत मोटरसायकली दामटत हिंडायचे. ही गोष्ट आठेक वर्षांपूर्वीची. मालकांनी, म्हणजे अण्णा आरवाड्यांनी, त्याच वर्षी ठरवलं की कंपनीचा सगळा कारभार क्लाउडवर न्यायचा. ड्रॉइंगं, पार्टचे दर, कुठल्या गावात कुठला कूलर, सगळं. प्रत्येक मेकॅनिकला कंपनीचा फोन, आणि त्या फोनमधून सगळं उघडायचं. हे काम अण्णांनी माझ्या गळ्यात घातलं, कारण कंप्युटरची बाई मीच.

मेकॅनिकांना क्लाउड म्हणजे काय ते समजावताना माझा जीव मेटाकुटीला आला होता. "मॅडम, कंपनी ढगात गेली म्हणून बाहेर सांगू नका, लोक सांत्वनाला येतील," असं एक जण म्हणाला आणि सगळे फिदीफिदी हसले. मी काही हसले नाही. माझा स्वभाव मुळातच तिखट. त्या दिवसांत तर नुसती मिरची झाले होते. टेबलावर हात आपटून मी सांगितलं, "या फोनमध्ये आपली अख्खी कंपनी आहे. जिवापाड जपा. अनोळखी माणसाला एक अक्षर सांगायचं नाही. आणि फोन दुसऱ्याच्या हातात दिला की त्याच दिवशी नोकरी बंद!" तो शेवटचा नियम माझाच. अण्णांना तो जरा जड वाटला होता. "पद्मजा, एवढं कडक कशाला गं?" असं ते म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, एकाचा फोन गेला तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल." मग त्यांनी सही केली.

आणि आता पहिल्याच महिन्यात हा प्रकार. शनिवार होता, ऑफिस अर्ध्या दिवसाचं, लोक डबे आवरून निघायच्या बेतात होते. मी मल्लाप्पाच्या फोनवर फोन लावला. उचलला एका बाईनं.

"हॅलो, मल्लाप्पा कुठे आहेत?"

"मल्लाप्पा न्हाई. कोण बोलतंय?"

"तुम्ही कोण बोलताय? तो कंपनीचा फोन आहे!"

"त्ये ठाऊक हाय. तू कोण?"

"मी कंपनीतूनच बोलतेय. सांगलीहून."

"कंपनीची हाय म्हणून कोणबी सांगंल," बाई शांतपणे म्हणाली. "अनोळखी माणसाला काय सांगायचं न्हाई असं मल्लाप्पानं बजावलंय. ठिव."

आणि तिनं खरंच ठेवला. पुन्हा लावला तर रेंजच नाही. माझं डोकं असं सणकलं म्हणता! ताबडतोब मी मल्लाप्पाच्या नावाला कुलूप घातलं. आता त्या नावानं कोणालाच काही उघडता येणार नव्हतं. फोनमधलं सगळं पुसून टाकायचा हुकूमही सोडला, पण तो पोचायला फोनला रेंज तर हवी. हुकूम गेला तसा परत आला.

मग सांगोल्याच्या आमच्या मेकॅनिकला, जावीरला, फोन केला. तो आधी आढेवेढे घेत होता. मी आवाज चढवला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मल्लाप्पा आला होता. चिंचहळ्ळीच्या कूलरचा कंट्रोल पार्ट जळलाय, तो माझ्याकडं नव्हता. माझ्या फोनवरनं त्यानं पार्ट कुठं आहे तेवढं बघितलं आणि मंगळवेढ्याला आणायला गेला आत्ता."

"आणि त्याचा स्वतःचा फोन?"

"तो गावात ठेवलाय म्हणाला."

"गावात कोणाकडे?"

"ते... मला रेंज नाही मॅडम," म्हणाला आणि गायब झाला.

मी तरातरा अण्णांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मल्लाप्पा? अगं, तो माझ्या पहिल्या कूलरपासून आहे. पंचेचाळिशी उलटली त्याची. आता कोण ठेवणार त्याला कामावर? दोन पोरी कॉलेजात आहेत."

"नियमाला पोरी नसतात, अण्णा," मी म्हटलं. तेव्हा हे असं बोलायला मला काही वाटलं नाही. उलट आपण किती नेमकं बोललो असंच वाटलं.

अण्णांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बरं. नियम तुझा आहे, खरा आहे. मग तूच जा. फोन आण, आणि मल्लाप्पाला नोकरी गेल्याचं तुझ्या तोंडानं सांग. मला ते जमायचं नाही."

मी लगेच गाडी काढली.

चिंचहळ्ळी म्हणजे पार टोक. पुढचं गाव कर्नाटकात. जतच्या पुढं रस्ता असा की गाडीनं माझ्या आई-बापाचा उद्धार केला असणार. ऊन मी मी म्हणत होतं. गावाच्या तोंडाशीच पत्र्याच्या शेडला पाटी दिसली, महिला दूध संस्था. आत मध्यभागी आमचा कूलर, चकाचक पुसलेला आणि मुका. त्याच्या शेजारी पोत्यावर बसून एक दणकट बाई शेंगा फोडत होती. कपाळावर विभूती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ह्या संस्थेच्या चेअरमन, कस्तुराक्का.

"मल्लाप्पाचा फोन कुठे आहे?" मी दारातूनच विचारलं.

"आधी पानी पी."

"पाणी नको. फोन हवाय."

"मघाशी फोनवर खेकसत हुतीस ती तूच व्हय?" अक्का म्हणाली. मी गळ्यातलं ओळखपत्र काढून तिच्यापुढं धरलं. तिनं ते लांब धरून, जवळ धरून बघितलं. "फोटोत बरी दिसतीस," म्हणाली आणि परत दिलं. "फोन कपाटात हाय. मल्लाप्पा पार्ट आणायला गेलाय. त्यो आला, कूलर चालू झाला, की फोन सुटतो."

"सुटतो म्हणजे? तुम्ही तो तारण ठेवून घेतलाय?"

"तारणच की."

"अहो बाई, तो कंपनीचा आहे!"

"कूलरबी कंपनीचाच हाय. चालतोय का?"

मी आणखी भडकले. "मी पोलीस बोलावीन."

"बोलीव. किती जण जेवायला असतील त्येवढं आदी सांग, भाकरी थापायला बरं पडतं."

आता बोला! मी तिथंच कट्ट्यावर बसले. घसा कोरडा पडला होता. तिनं पुढं केलेला तांब्या मुकाट घेतला. पाणी प्यायल्यावर जरा सुरात म्हटलं, "अक्का, मला तो फोन आत्ता बघायलाच हवा. त्यात काय काय आहे तुम्हाला कल्पना नाही."

"असं कर मग," अक्का म्हणाली. "फोन घे. त्येच्या जागी दुसरं कायतरी ठिव."

"काय ठेवू? घड्याळ?"

"घड्याळ घिऊन काय करू? दूध थंड होतंय का त्येनं?"

"गाडी ठेवते."

"गाडी ठिवली तर फोन घिऊन चालत जाशील व्हय?" तिनं शेंगांची टरफलं झटकली आणि माझ्याकडं नीट बघितलं. "तू बस."

"कोण, मी?"

"मल्लाप्पा येईपतोर. तू मोठ्या पदावरची दिसतीस. चालशील."

मला हसावं की रडावं कळेना. कंपनीचा सगळा डेटा जिच्या हाती, ती मी पद्मजा मगदूम, एका शेडमध्ये कूलरच्या बदल्यात तारण! पण फोन हातात येणं महत्त्वाचं होतं. "बरं, बसते," मी म्हटलं.

अक्का उठली, कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. आत संस्थेचे शिक्के, दुधाची मापं, आणि मधल्या फळीवर धुतलेल्या खणाच्या कापडात गुंडाळलेला मल्लाप्पाचा फोन. रेंज का गेली ते आत्ता कळलं. मी फोन तपासला. कुलूप तसंच. चुकीचा आकडासुद्धा कोणी दाबून बघितला नव्हता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"कोणी हात लावला का याला?"

"हात? अगं, त्यो म्हणाला, अक्का, ह्यात आमची अख्खी कंपनी हाय, जिवापाड जपा. तुझा फोन आल्यावर मला वाटलं, आली कोणतरी लबाड बाई. म्हणून कपाटात घातला आन् किल्ली कमरंला."

हे वाक्य कुठलं, ते मला सांगायची गरज नव्हती. टेबलावर हात आपटून मीच म्हटलं होतं.

"आधी त्यो हत्याराची बॅग ठिवून जायचा," अक्का पुढं सांगू लागली. "आता म्हणाला, बॅग काय, मोठ्या मॅडमनी सांगितलंय की ह्या फोनपेक्षा किंमतीचं माझ्याकडं कायच न्हाई. मग बॅग घिऊन जातो आन् ह्ये ठिवतो."

म्हणजे मी बत्तीस माणसांना फोन जपायला शिकवायला गेले, आणि ते गावोगाव गहाण ठेवण्याइतका मोलाचा आहे हे त्यांना पटवून आले. कपाळावर हात मारून घेतला मी.

तशी मी मोकळीच होते. गाडीची किल्ली पर्समध्ये, फोन हातात. उठून चालू लागले असते तर अक्का काही मागं धावली नसती. पण शब्द दिला होता. शिवाय नोकरी गेल्याचं सांगायला मल्लाप्पा तरी भेटायला हवा होता. ते काम सांगलीहून निघताना सोपं वाटलं होतं, आता वाटेना.

"कुनाची तू?" अक्कानं विचारलं.

"मगदूम."

"जैनाची व्हय? मग कांदा-लसूण न्हाई, आन् दिवस मावळायच्या आत जेवण." तिनं आत हाक मारली नाही, कोणाला सांगितलं नाही, स्वतःच उठून शेजारच्या घरात गेली आणि थोड्या वेळानं शेंगापोळी, वर ताज्या लोण्याचा गोळा आणि ताकाचा पेला घेऊन आली. देवाशपथ सांगते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि तिसरीला नको म्हणायला उशीर केला.

खाता खाता विचारलं, "मल्लाप्पावर तुमचा भरवसा नाही का? एवढ्या वर्षांचा माणूस."

"भरवसा न्हाई कोण म्हणतं?"

"मग तारण कशाला मागता?"

"आम्ही कुठं मागतो?" अक्का म्हणाली. "त्यो आपणहून ठिवतो. बघ, ह्या कूलरच्या आदी दुसऱ्या कंपनीचा हुता. त्येचा मेकॅनिक पार्ट आणतो म्हणून गेला, त्यो गेलाच. आठवडाभर दूध ओढ्यात वतलं आम्ही. बायका रडायच्या. तवापासनं कूलर बंद पडला की बायका सांजचं दूध हितं आणत न्हाईत. खासगी गवळी येतो, मातीमोल भावानं घालून मोकळ्या हुतात. पर मल्लाप्पाची वस्तू कपाटात हाय म्हटलं की दूध येतं. सांजच्याला घागरी घिऊन येतात, कूलर बंद असला तरी. त्यो येणार म्हंजे येणार."

मी उरलेलं ताक प्यायले.

हळूहळू बायका यायला लागल्या. कोणाच्या हातात कॅन, कोणाच्या डोक्यावर घागर. प्रत्येक बाई आधी कूलरकडे बघायची, मग कपाटाकडे, मग अक्काकडे. अक्का माझ्याकडं बोट दाखवायची. "आज ही हाय."

"ही? जित्ती बाई?"

"फोनपेक्षा बरी हाय की. बोलती तरी," दुसरी म्हणाली आणि शेड हसण्यानं भरून गेली. मीही हसले. कधी नव्हे ते मला माझ्या हुद्द्याचं काहीच वाटेना. पण रांगेतलं दूध बघून घाम फुटायला लागला. उन्हाळ्याचे दिवस. दूध कॅनमध्ये किती वेळ टिकणार? बायका पदरानं कॅनवर वारा घालत होत्या. मीही शेजारच्या बाईच्या कॅनला माझ्या ओढणीनं वारा घालू लागले. आपण येणार म्हणून यांनी दूध आणलंय, हे मल्लाप्पाला ठाऊक असणार. म्हणूनच गडी दीडशे-दोनशे किलोमीटर उन्हात पळतोय.

मोटरसायकलचा आवाज आला तेव्हा सगळ्या उभ्या राहिल्या. मल्लाप्पा धुळीनं पांढरा झाला होता, छातीशी पार्टचं खोकं धरलेलं. आत आला आणि मला बघून जागीच थबकला.

"मॅडम? तुम्ही हितं?"

"फोन सोडवून घेतलाय त्येनी," अक्का म्हणाली. "त्येच्या जागी बसल्यात."

मल्लाप्पाच्या तोंडचं पाणीच पळालं. "अरे देवा! काय वो हे मॅडम... तुम्हाला तारण!"

"ते राहू दे. हा घ्या तुमचा फोन, आधी कूलर बघा."

तो कूलरच्या मागच्या बोळात शिरला. बोळ इतका अरुंद की त्यात एक बारका माणूस जेमतेम मावावा. खुडबुड सुरू झाली. जळकट वास आला, जुना पार्ट बाहेर आला, नवा आत गेला. मग मल्लाप्पाचा दबलेला आवाज, "मॅडम, नवा पार्ट सुरू करायचा कोड फोनवर उघडंना. माझं नाव बंद दाखवतंय."

अर्थातच. ते कुलूप मीच घातलं होतं, आणि ते काढायचं तर ऑफिसातल्या माझ्या टेबलावरूनच निघणार. ती अटही माझीच. ऑफिस बंद, रखवालदाराशिवाय तिथं कोणी नाही. माझ्या फोनवर माझ्या नावानं कोड मिळाला असता. पण तो फोन पॅनेलला टेकवून धरायचा, दाबाचे आकडे बघून एकेक पायरी पुढं न्यायची. ते बोळातल्या माणसानंच करायचं काम. मी त्या बोळात खांद्यापर्यंतसुद्धा मावले नसते, शेंगापोळ्यांच्या आधीही नाही.

माझ्या फोनमध्ये काय नव्हतं? मल्लाप्पाच्या फोनमध्ये कंपनीची एक खोली होती; माझ्या फोनमध्ये सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या होत्या. मागं वळून बघितलं. बायकांची रांग दारातून बाहेर गेली होती.

मी फोन उघडला, माझं नाव घातलं, अंगठा टेकवला आणि बोळात हात लांब केला. "घ्या, मल्लाप्पा."

"मॅडम, हा तुमचा..."

"घ्या म्हणते ना! दूध नासेल."

त्यानं हात पँटला पुसला आणि फोन घेतला. थोड्या वेळानं कूलरनं एक आचका दिला, घरघरला आणि लयीत चालू झाला. बायकांनी असा गलका केला की शेजारच्या मंदिरातली कबुतरं उडाली. दूध ओतायला सुरुवात झाली. अक्का एकेक माप घेत होती आणि मी उगाचच सगळ्यांना "नीट ओता, सांडू नका" सांगत होते. फार बरं वाटत होतं, खरंच सांगते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी बनवलेल्या गोष्टीतून कोणाचं काही थंड झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

मल्लाप्पा हात धुऊन आला. माझा फोन त्यानं दोन्ही हातांनी परत दिला. मग मान खाली घालून म्हणाला, "मॅडम, तुम्ही स्वतः आलाय म्हंजे... माझं गेलं का?"

सांगलीहून जे वाक्य घेऊन आले होते ते तोंडातून फुटेना.

"काय गेलं रं?" अक्का माप हातात धरून वळली.

"नोकरी, अक्का. फोन दुसऱ्याला दिला तर नोकरी जाती. नियम हाय."

"मग दिलास कशाला, येड्या?"

"दिला कुठं? कपाटात ठिवला."

अक्का सावकाश माझ्याजवळ आली. "आन् नियम कुनी केला?"

"मी," मी म्हटलं.

तिनं माप खाली ठेवलं. शेडमधल्या सगळ्या बायका आमच्याकडं बघत होत्या. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. अक्का म्हणाली, "बरं. कूलरचं तारण सुटलं. आता बस पुन्हा."

"आता कशाला?"

"मल्लाप्पाच्या नोकरीचं तारण म्हणून."

मल्लाप्पा "अक्का, अक्का" करत मध्ये पडला, पण त्याला कोणी विचारलं नाही. मी तिथूनच अण्णांना फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"अण्णा, फोन मिळाला. कोणी हात लावलेला नाही."

"छान. मल्लाप्पाला सांगितलंस?"

"नाही. अण्णा, नोकरीवरून काढायचं तर पहिलं नाव माझं घाला. मी आत्ता माझा फोन मल्लाप्पाच्या हातात दिला. उघडून, सगळ्या किल्ल्यांसकट."

"पद्मजा, तू? शुद्धीवर आहेस ना?"

"पूर्ण शुद्धीवर. चारशे लिटर दूध दारात होतं. अण्णा, हा नियम मी इथल्या माणसांना न बघता केला. आपले मेकॅनिक फोन ठेवणारच, त्याशिवाय संस्थेत दूधच यायचं नाही. पण तोडगा आहे. कपाटच करायचं."

"कसलं कपाट?"

"फोनच्या आत. फोन ठेवून जाताना मेकॅनिकनं एक बटण दाबायचं, की कंपनीचं सगळं आत कुलूपबंद. किल्ली म्हणजे त्याचा अंगठा, तो त्याच्याबरोबर जाणार. फोन गावात राहील, कंपनी मल्लाप्पाच्या हाताबरोबर सांगोल्याला जाईल." बोलता बोलताच हे मला सुचत होतं. ते बटण मी पुढच्याच महिन्यात बसवलं. आजही बत्तीसच्या बत्तीस जण ते वापरतात.

"आणि तो नियम?"

"माझा आहे. मीच खोडते."

अण्णा खाकरले. "ठीक आहे. मल्लाप्पाचं सोमवारी बघू."

मी अक्काकडं बघितलं. तिनं हात पुढं केला. मी फोन दिला.

"नमस्कार अण्णा. चिंचहळ्ळीची कस्तुरा बोलते. बघू म्हंजे काय वो? आमच्यात बघू म्हंजे न्हाई." ती ऐकत राहिली. "व्हय... व्हय... तुमचा शब्द खरा असंल. न्हाई, मी कुठं न्हाई म्हणते... जेवती चांगली, आम्हाला जड न्हाई... बरं. बरं. मग तसंच."

फोन तिनं माझ्या हातात दिला आणि पुन्हा मापाला लागली.

"काय म्हणाले अण्णा?" मी विचारलं.

"म्हणाले, सोमवारी मल्लाप्पाला कामावर घेतो. मी म्हटलं, घिऊ द्या. त्यो हजर झाल्याचा निरोप आला की आम्ही बाई सोडतो."

"आणि अण्णा?"

"म्हणाले, ठिवा."

बायका पुन्हा हसल्या. मल्लाप्पा मात्र कूलरकडं तोंड करून उभा होता आणि ज्या फडक्यानं त्यानं पॅनेल पुसलं होतं त्याच फडक्यानं डोळे पुसत होता. तोंडाला काळा पट्टा उठला. माझ्या नवऱ्याला काय सांगायचं, दोन दिवस अंगावर काय घालायचं, असले विचार आले खरे, पण त्यातला एकही मला उठवू शकला नाही. इतकं हलकं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

"मॅडम, मी जाऊ?" मल्लाप्पा म्हणाला. "तुम्हाला असं टाकून?"

"जा. आणि सोमवारी वेळेवर हजर व्हा, मल्लाप्पा. उशीर केलात तर ह्या मला धारा काढायला बसवतील."

तो गेला. मी चपला काढल्या आणि अक्काच्या शेजारी पोत्यावर बसले.